उसनवारीचे रंग

शंख टाकून दिलेल्या गोगलगायींचं हे पुस्तक आहे. पावसाळ्यात परसातल्या अळूवर चढणाऱ्या गोगलगायी आपल्या ओळखीच्या. त्यांचे हे समुद्रातले नातलग. इंग्रजीत त्यांना सरसकट सी-स्लग म्हणतात आणि त्यांतला सगळ्यांत देखणा गट न्यूडिब्रँकचा. न्यूडिब्रँकच्या सुमारे ३००० जाती आजवर माहीत झाल्या आहेत. जांभळ्या, केशरी, पिवळ्याधमक, निळ्यावर काळ्या रेघा ओढलेल्या. चकचकीत मासिकात समुद्रावरचा लेख असला की यांचा एखादा फोटो हटकून असतो. आपण फोटो बघून ‘वा!’ म्हणतो आणि पान उलटतो. या पुस्तकाचं हस्तलिखित वाचताना मला पानं उलटायला फार वेळ लागला, आणि त्याचं कारण फोटो नव्हते.

यांतल्या बहुतेकांना जन्मतः शंख असतो. अंड्यातून बाहेर पडलेलं, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकं बारीक पिल्लू चिमुकल्या शंखासकट पाण्यात तरंगत फिरतं. मनाजोगती जागा मिळाली की तळाला टेकतं, रूप पालटतं आणि शंख सोडून देतं. इतर गोगलगायी जन्मभर चुना जमवून शंख वाढवत राहतात आणि संकट आलं की आत शिरतात. यांना शिरायला जागाच नाही. अंग मऊ, चाल मंद, आणि भोवती मासे नि खेकडे टपलेले. तरीही ही मंडळी भर उजेडात, भडक रंगात खडकावर बसलेली असतात आणि सहसा कुणी त्यांच्या वाटेला जात नाही. कारण जे खातील त्याचंच त्या हत्यार करतात. विष उसनं, डंख उसना, पुष्कळदा रंगही उसना; काहींच्या तर अंगातली हिरवाईसुद्धा दुसऱ्याची. उसनं म्हणायचं ते आपल्या रीतीनं. परतफेडीचा प्रश्न इथं येत नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. हे पुस्तक रंगांसाठी विकत घ्यायला हरकत नाही, पण वाचावं ते त्यातल्या खाण्यासाठी. एखादी गोगलगाय काय खाते हे कळलं की ती कुठं सापडेल, तिला कोण हात लावणार नाही आणि ती कधी नाहीशी होईल, हे सगळं ओघानंच कळतं. लेखिकेनं प्रत्येक जातीच्या फोटोशेजारी तिच्या अन्नाचा फोटो द्यायचा जो हट्ट धरला आहे, त्यात या पुस्तकाचा खरा जीव आहे.

ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळातलं एखादं डबकं घ्या. गुडघाभर पाणी, कडेला सावली. सावलीतल्या दगडाला केसाएवढ्या तपकिरी धाग्यांचा झुपका चिकटलेला असतो. शेवाळ समजून आपण पुढं जातो. ते शेवाळ नसतं. हायड्रॉइड नावाच्या प्राण्यांची ती वसाहत असते, जेलीफिश आणि समुद्रफुलं यांच्या कुळातली, आणि डंख मारणाऱ्या पेशींनी भरलेली. तिथं उकिडवं बसावं, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, आणि पाणी निवळेपर्यंत थांबावं. बहुतेकदा आधी दिसतात ती अंडी. पांढऱ्या शेवेचा एकच लांब धागा गोल गोल फिरवत झुपक्यात अडकवून ठेवावा, तशी. अंडी दिसली म्हणजे घालणारी जवळपास असते. नजर बसायला वेळ लागतो, आणि मग ज्याला आपण धाग्याचाच फुगीर भाग समजत होतो तो हळूच मान वळवतो.

ही क्रॅटेना. नखाच्या लांबीची. अंग जवळजवळ आरपार दिसणारं, डोक्यावर वास घेणाऱ्या दोन शिंगांची जोडी, आणि पाठीवर दोन्ही बाजूंनी मऊ, लांबट फुगवट्यांचे झुबके. पाण्याची लाट आली की सगळे झुबके एकदम एका बाजूला झुकतात आणि परत उभे राहतात. या प्रत्येक फुगवट्यात पचनग्रंथीची एकेक फांदी शिरलेली असते, त्यामुळं खाल्लेल्या अन्नाचा रंग बाहेरून दिसतो. फुगवट्याच्या टोकाला मात्र एक फिकट ठिपका असतो. ती पिशवी आहे, आणि सगळी करामत तिच्यात आहे.

हायड्रॉइडच्या डंखपेशीत एक सूक्ष्म कुपी असते आणि कुपीत गुंडाळलेली नळी. धक्का लागताच नळी उलटी होऊन सुटते आणि समोरच्याच्या अंगात घुसते. क्रॅटेना हे सगळं चावून गिळते. काही कुप्या फुटतातही, पण तिच्या अंगावरचा चिकट स्राव आणि अन्नमार्गाचं जाड अस्तर यांमुळं तिला फारसं काही होत नाही. उरलेल्या न फुटलेल्या कुप्या, विशेषतः अजून कच्च्या असलेल्या, पचनग्रंथीच्या फांद्यांतून सरकत सरकत टोकाच्या पिशवीत जाऊन बसतात. तिथं त्या पिकतात. पुढं एखाद्या माशानं फुगवटा तोंडात धरला की पिशवीतून कुप्या बाहेर पडतात आणि माशाच्या तोंडात फुटतात. मासा थुंकतो. तुटलेला फुगवटा काही दिवसांत परत उगवतो. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणणाऱ्यांना पोटातली ही शस्त्रं माहीत नव्हती.

दुसरा मोठा गट स्पंज खाणाऱ्यांचा. यांच्या पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा फुलोरा असतो. बोट जवळ नेलं की तो आत ओढून घेतला जातो. स्पंजला ना दात, ना नखं, ना पाय. तो विषावर जगतो. या गोगलगायी तो खरवडून खातात आणि त्यातली विषं निवडून साठवतात. निवडून हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की क्रोमोडोरिसच्या पाच जाती अनेक रसायनांपैकी लॅट्रुन्क्युलिन-ए हे एकच जालीम रसायन अंगाच्या कडेला साठवतात. हे रसायन पेशीचा आतला सांगाडाच मोडून टाकतं. आणि साठवण्याची जागा कुठली, तर मासा पहिला चावा जिथं घेईल ती कड. एकदा चाखलेल्या माशाला तो रंग लक्षात राहावा म्हणून इतका भडकपणा. काही जातींचा रस्ता नेमका उलटा: रोस्टांगा ज्या लाल स्पंजावर राहते, त्याच्याच रंगाची होऊन त्यावर बसते आणि दिसतच नाही.

एवढी सगळी रंगांची उधळण, पण ती या गोगलगायींना स्वतःला दिसत नाही. त्यांच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसं कळत नाही. अन्न शोधायचं ते वासावर, जोडीदार शोधायचा तोही वासावर.

जोडीदाराच्या बाबतीत त्यांनी निवड सोपी करून ठेवली आहे. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. पिकलेल्या वयाच्या दोघी भेटल्या की उजवी बाजू उजव्या बाजूला लावून, तोंडं उलट दिशांना करून, दोघी एकमेकींना बीज देतात आणि दोघी अंडी घालतात. यातला सगळ्यांत चमत्कारिक प्रकार जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. गोनिओब्रँकस रेटिक्युलेटस या जातीत मीलन झालं की लिंग गळून पडतं आणि सुमारे २४ तासांत नवं तयार होतं. बातमी आली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची यथेच्छ थट्टा केली. तशी थट्टा करण्याजोगी ती आहेही. पण बऱ्याच सी-स्लगांचं सगळं आयुष्य काही महिन्यांचं, फार तर वर्षाचं. अशा आयुष्यात भेट झाली की ती वाया जाऊ न देण्याच्या नाना युक्त्या निघणारच.

हिरव्या गोगलगायी हे या पुस्तकातलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण. एलिसिया कुळातल्या या गोगलगायी न्यूडिब्रँक नव्हेत, पण सी-स्लगच. त्या शेवाळाच्या पेशीला एकाच दातानं भोक पाडतात आणि आतला रस शोषून घेतात. बाकी सगळं पचवतात, हरितद्रव्याचे कण मात्र जिवंत ठेवतात आणि सगळ्या अंगभर पसरलेल्या पचनग्रंथीच्या फांद्यांत साठवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिसिया क्लोरोटिका एकदा पोट भरलं की नुसत्या उजेडावर कित्येक महिने काढते, असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. उन्हावर जगणारा प्राणी म्हटल्यावर ती लाडकी झाली. मग २०१४ साली जर्मन संशोधकांनी तिच्या दोन नातलग जाती चक्क अंधारात उपाशी ठेवल्या, आणि त्या अंधारातही तशाच जगल्या. म्हणजे हे कण कारखाना म्हणून ठेवलेले की शिदोरी म्हणून, हा वाद उभा राहिला आणि तो अजून मिटलेला नाही. लेखिकेनं दोन्ही बाजू नीट मांडल्या आहेत आणि चटकदार बाजूला झुकतं माप दिलेलं नाही, हे मला विशेष वाटलं.

एलिसियाचा आणखी एक पराक्रम २०२१ साली जपानमधल्या नारा इथल्या महिला विद्यापीठातून बाहेर आला. सायाका मितो आणि योइची युसा यांनी पाळलेल्या काही एलिसियांनी स्वतःचं डोकं मानेपाशी तोडून धड टाकून दिलं. हृदय धडात राहिलं. डोकं फिरू लागलं, काही तासांत शेवाळ खाऊ लागलं, आठवड्याभरात नवं हृदय आकाराला येऊ लागलं आणि तीनेक आठवड्यांत नवं धड तयार झालं. वय झालेल्यांना हे जमलं नाही. ती डोकी काही दिवसांत मेली. टाकलेल्या धडाला नवं डोकं कधीच फुटलं नाही, पण ते कित्येक दिवस, काही वेळा महिने, हाताच्या स्पर्शाला प्रतिसाद देत राहिलं.

वैद्यकशास्त्रातल्या उपयोगांवर पुस्तकात एक वेगळं प्रकरण आहे. मला ते थोडं लांबलेलं वाटलं, म्हणून इथं दोनच गोष्टी. एरिक कँडेल यांनी स्मरणशक्तीचं रसायन शोधलं ते अ‍ॅप्लिसिया या समुद्री सशावर, म्हणजे आणखी एका सी-स्लगवर. त्याच्या मज्जासंस्थेत सुमारे २०,००० पेशी, आणि त्यांतल्या काही नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात एवढ्या मोठ्या. २०००च्या नोबेल पारितोषिकात कँडेल यांचा वाटा या प्राण्यामुळं. दुसरी गोष्ट डोलाबेला या हिंदी महासागरातल्या दुसऱ्या समुद्री सशाची. त्याच्या अंगातून डोलास्टॅटिन-१० मिळालं आणि त्यावर बेतलेलं द्रव्य आज लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगावरच्या औषधात आहे. नंतर कळलं की ते रसायनही त्याचं नव्हे. तो खात असलेल्या निळ्या-हिरव्या सूक्ष्म जिवाणूंचं. उसनवारी इथंही सुटलेली नाही.

आता थोडं आपल्याकडच्या अभ्यासाबद्दल. सुरुवात पूर्व किनाऱ्यावर झाली. मद्रासच्या मुलकी सेवेतले वॉल्टर एलियट यांनी जमवलेल्या गोगलगायींचं वर्णन जोशुआ अ‍ॅल्डर आणि अ‍ॅल्बनी हँकॉक या न्यूकॅसलच्या जोडीनं १८६४ साली छापलं. त्यात एका नव्या कुळाला त्यांनी कलिंग हे नाव दिलं, आणि कलिंगा ऑर्नाटा आजही त्याच नावानं ओळखली जाते. सिलोनमध्ये जन्मलेले डॉक्टर एडवर्ड केलार्ट यांनी त्याच सुमारास त्रिंकोमालीच्या बंदरातल्या जातींची वर्णनं केली होती. पण या सगळ्याला एक अडचण होती. मद्यार्कात बुडवलेल्या गोगलगायीचा रंग काही दिवसांत उतरतो, आकार आक्रसतो आणि बाटलीत उरतो एक पांढुरका गोळा. ज्या रंगावरून ती ओळखायची तोच नाहीसा. त्यामुळं जिवंतपणी काढलेल्या चित्रांना नमुन्यापेक्षाही जास्त किंमत आली. चाळीसएक वर्षांनी, १९०६ साली, केलार्टची चित्रं आणि न्यूकॅसलच्या बाटल्या समोर ठेवून चार्ल्स एलियट यांनी हा सगळा गुंता सोडवला. हे एलियट वेगळे. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे कमिशनर, पुढं जपानमधले राजदूत, आणि हिंदू व बौद्ध धर्मांवरच्या तीन खंडी ग्रंथाचे कर्ते. फायली निपटून उरलेल्या वेळात गोगलगायी कापणारा असा सरकारी माणूस परत झाला नाही असं म्हणणार होतो, पण जपानचे सम्राट हिरोहितो यांनी सागामी आखातातून जमवलेल्या सी-स्लगांवर १९४९ साली किकुतारो बाबा यांचा मोठा ग्रंथ निघाला, तेव्हा ते राहू द्यावं.

मुंबईच्या वाट्याला एक नाव आलं ते १९४६ साली. रोनाल्ड विंकवर्थ यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरून वर्णन केलेली जात आज गोनिओब्रँकस बॉम्बेयानस म्हणून ओळखली जाते. शहरानं नाव बदललं, गोगलगायीच्या नावातलं ‘बॉम्बे’ बदललं नाही. प्राणिशास्त्रात तशी सोय नाही. त्यानंतर कच्छच्या आखातात थोडं काम झालं, पण आपल्या बाजूला बराच काळ सामसूमच होती. अलीकडच्या काळात चित्र पालटलं त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीपक आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्यायला हवं. २००९ साली त्यांनी लक्षद्वीपची यादी छापली तेव्हा त्यातल्या ४० जाती भारतात प्रथमच नोंदल्या जात होत्या. ४० जाती एका फटक्यात वाढतात, याचा अर्थ तोवर कुणी नीट पाहिलंच नव्हतं. २०२० साली पश्चिम किनाऱ्यावरून क्रॅटेनाच्या दोन अगदी नव्या जाती जाहीर झाल्या. त्यांतल्या एकीला कच्छच्या आखातातल्या पोशित्र्याचं नाव आहे.

आपल्या किनाऱ्याबद्दल एक गैरसमज मला नेहमी ऐकू येतो, की इथं काही नाही. बघायचं तर लक्षद्वीप किंवा अंदमान. पाणी गढूळ आहे हे खरं. मालवणला आणि गोव्यात ग्रांदे बेटाजवळ पाण्याखाली उतरणारे सोडले तर आपल्याकडचा अभ्यास ओहोटीच्या कातळावर वाकूनच करावा लागतो. पण हायड्रॉइडला गढूळ पाण्याचं वावडं नाही, उलट त्यात अन्नाचे कण जास्त. स्पंज आणि ब्रायोझोआ नावाचे वसाहतीनं राहणारे बारीक प्राणी यांचंही तेच. त्यांना खाणाऱ्या गोगलगायी मग येतातच. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातली मंडळी २०१७ पासून गिरगाव, हाजी अली, जुहू इथं लोकांना ओहोटीला हिंडवतात. ज्या बांधावर संध्याकाळी माणसं शेंगदाणे खात बसतात, त्याच्याच खाली ही मंडळी सी-स्लग दाखवतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं तर केलार्टच्या चित्रांची अडचणच मिटवली: रंग उतरायच्या आत फोटो निघतो आणि प्राणी जागच्या जागी राहतो.

जागा राहिली तर. हाजी अली आणि वरळीची प्रवाळं कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० साली उचलून दुसरीकडं लावण्यात आली, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला पहिल्या अनुसूचीत जागा आहे. हायड्रॉइडच्या झुपक्याला ती नाही. भराव पडतो तेव्हा तो झुपका जातो आणि त्याच्यावर जगणारी गोगलगाय कुठल्याही यादीत न येता जाते. या कामाबद्दल माझी मतं तिखट आहेत, पण ती मांडायला ही प्रस्तावना योग्य जागा नव्हे. प्राण्याचं अन्न वगळून प्राण्याचं रक्षण होत नाही, हे मात्र या पुस्तकाच्या पानापानावर दिसतं.

पुस्तक घेऊन किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणात पाणी सर्वांत खाली जातं. मुंबईत तेव्हा पाण्याची पातळी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते; दक्षिणेकडं हे अंतर कमी होत होत गोव्यापर्यंत निम्म्यावर येतं. भांगाच्या, म्हणजे पाणी फारसं न उतरणाऱ्या, दिवसांत जाऊन हात हलवत परत यायचं नसेल तर आधी पंचांग बघावं. पाणी तळाला जायच्या तासभर आधी पोचावं आणि भरती लागली की मोह न धरता मागं फिरावं. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेलं सगळं उन्हात घटकाभरात मरतं. गोगलगाय पाण्याबाहेर काढू नये. बाहेर तिचं रूपच राहत नाही, आणि कशाला हात लागेल सांगता येत नाही. पावसाळ्यात ब्लूबॉटल नावाचे डंख मारणारे तरंगते जीव किनाऱ्याला लागतात तेव्हा तर अजिबातच नको. त्यांना खाणारी ग्लॉकस ही बोटाच्या पेराएवढी निळी गोगलगाय पोटात हवेचा बुडबुडा धरून उताणी तरंगते आणि त्यांच्या डंखातले सर्वांत जहाल डंख साठवते. हौसेनं तळहातावर घेऊन फोटो काढणाऱ्यांचे हात सुजतात.

चिखलवट जागीही नजर टाकावी. खाडीच्या तोंडाशी, वाळू नि गाळ मिसळलेल्या उथळ पाण्यात बर्साटेला सापडते: तळहाताच्या लांबीची, गाळाच्या रंगाची, अंगभर फांद्याफांद्यांच्या चिंध्या. पहिल्या नजरेला कुजकं काहीतरी वाटावं. नीट पाहिलं की चिंध्यांमधून गर्द निळे डोळ्यांसारखे ठिपके चमकतात, आणि डिवचली तर ती जांभळी शाई सोडते. फोटोंच्या पुस्तकांत तिला सहसा जागा मिळत नाही. इथं तिला चार पानं मिळाली आहेत, आणि ती या पुस्तकातली सर्वोत्तम चार पानं आहेत.

एक तक्रार शेवटी नोंदवून ठेवतो. मुंबईकडं उधाणाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला तळ गाठते. हिवाळ्यात पहाटेच्या ओहोटीला किनाऱ्यावर अंधार असतो, आणि पुष्कळशा सी-स्लग अंधारातच कपारींतून बाहेर पडतात. लेखिकेच्या नोंदी मात्र बहुतेक सगळ्या उजेडातल्या आहेत. बॅटरीच्या प्रकाशातला कातळ हा वेगळाच किनारा असतो आणि त्याची यादीही वेगळी निघेल. दुसऱ्या आवृत्तीत ती हवी, हे मी तिला सांगितलं आहे. आता छापूनही सांगतो, म्हणजे टाळता येणार नाही.